हिराबाईंचं कर्ज आणि कोल्हापूरचा कॅमेरा

कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की गप्पा बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्यापासून सुरू होतात. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री भावांनी कॅमेरा घरीच जुळवायचा ध्यास घेतला, आनंदराव मध्येच गेले, आणि बाबूरावांनी तो पुरा केला. ही गोष्ट इथल्या कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळते. पण नुसता कॅमेरा असून भागत नाही. फिल्म विकत घ्यावी लागते, माणसं पोसावी लागतात. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी करायला पैसा आला कुठून? तो दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. सावकारानं नाही, पेढीनंही नाही. कोल्हापूरच्या सिनेमाच्या जमाखर्चाची वही अशी एका गाणाऱ्या बाईच्या नावानं उघडते. स्टुडिओंच्या आणि दिग्दर्शकांच्या नावांमध्ये हे नाव मात्र लोकांच्या तोंडी क्वचितच येतं.

याच कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाली होती ती साळुंके या पुरुषानं. बाबूरावांना मात्र बाईच्या भूमिकेत बाई हवी होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. समाजानं मात्र दोघींना वाळीत टाकलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. चित्रीकरण संपल्यावरही घरी जायची सोय नाही, मुक्काम तिथेच. नटीपणाची किंमत त्या काळात अशी रोख मोजावी लागे.

हे आधी सांगितलं ते गायिका हिराबाई बडोदेकरांच्या गोष्टीसाठी. तानीबाईंनी सिनेमाला पैसा दिला. वीस वर्षांनी हिराबाई कोल्हापुरात कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, त्या डोक्यावर नाटक कंपनीचं कर्ज घेतलेल्या घरातून.

युरोपात किंवा अमेरिकेत ऑपेराची तालीम घेतलेली गायिका रंगभूमीवरून सिनेमात जाते, तेव्हा तिच्यामागे मोठी नाट्यगृहं आणि धनवान आश्रयदाते असतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी वाट म्हणजे संगीत नाटक. पण इथे गायिकेची तालीम एका घरात व्हायची, नाटक दुसऱ्याच जगात उभं राहायचं, आणि खांद्यावर कंपनीचं सगळं बिऱ्हाड असायचं. हिराबाई या तिन्ही ठिकाणी राहून आल्या.

जन्म १९०५ चा, मिरजेचा. मिरज म्हणजे कोल्हापूरच्या उशाशी वसलेलं गाव, तंबोऱ्यांच्या कारागिरांचं. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोदा दरबारी असताना दोघं एकत्र आले आणि दरबार सोडून निघाले. पुढे १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. त्या घरात मग मुलांची नवी नावं रूढ झाली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वतीबाई. घरातली माणसं हिराबाईंना शेवटपर्यंत चंपूताईच म्हणत. ‘बडोदेकर’ हे आडनाव आईच्या गावावरून आलेलं. त्यात बापाच्या गावाची खूण नाही, यावरून ताराबाईंचा करारी स्वभाव लक्षात यावा.

गाणं मुख्यतः थोरल्या भावाकडून, सुरेशबाबूंकडून आलं, आणि मग उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. या वहीद खाँसाहेबांचा कोल्हापूरशी जुना धागा आहे. किराण्याहून त्यांना लहान वयातच कोल्हापूरला आणलं, ते बीनकार बंदे अली खाँच्या परंपरेतले लंगडे हैदरबक्ष यांच्याकडे शिकायला. मोठेपणी त्यांना कानानं कमी ऐकू येई, म्हणून लोक ‘बहिरे वहीद खाँ’ म्हणत. सुरेलपणासाठी ज्यांचं नाव आजही घेतात त्या बाईचा गुरू कानानं अधू होता, ही गोष्ट गवयांच्या बैठकीत हमखास रंगवून सांगितली जाते. एवढं मात्र खरं की वहीद खाँसाहेबांचा राग फार सावकाश उलगडायचा, आणि हिराबाईंच्या गाण्यातली संथ, न हडबडणारी बढत त्याच तालमीतली.

तालमीनंतर पहिली लढाई नाटकाची नव्हती, तिकिटाची होती. गाणाऱ्या बाईनं एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात गावं, ही तेव्हाची रीत. हिराबाई नाट्यगृहात, तिकीट लावून, सगळ्यांसमोर बसून गायल्या. साधी साडी, हातवारे नाहीत, डोळ्यांचा खेळ नाही. आता यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या काळी गाणाऱ्या बाईकडे बघायची नजर ठरलेली होती. ती नजर चुकवायची तर मान खाली घालून चालत नाही. समोर बसावं लागतं आणि नजरेला बघण्यासारखं काही उरू नये इतकं स्वच्छ गावं लागतं.

मग १९२९. ‘नूतन संगीत विद्यालय’ ही ताराबाई आणि सुरेशबाबू यांची गायनशाळा. तिचीच नाट्यशाखा निघाली. नाटकं जुनी, गाजलेली: ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’, ‘विद्याहरण’, ‘पुण्यप्रभाव’. नवी गोष्ट एकच होती, स्त्रीच्या भूमिकेत स्त्री. निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या महाराष्ट्रानं आधी पाहिल्या होत्या. पण बाया आणि पुरुष एकाच पडद्यामागे तयार होऊन एकाच प्रवेशात उभे राहणं हे संगीत रंगभूमीच्या सभ्य प्रेक्षकाच्या पचनी पडायचं होतं. ‘आंधळ्यांची शाळा’ आणि ज्योत्स्ना भोळे यांचं नाव या संदर्भात पुष्कळदा पहिलं घेतलं जातं. ते नाटक १९३३ चं. हिराबाईंच्या घरानं चार वर्षं आधीच हा घाव सोसला होता.

आणि घाव म्हणजे नुसती लोकनिंदा नव्हे. ‘सौभद्र’ची सुभद्रा म्हणजे कशी, ‘एकच प्याला’ची सिंधू म्हणजे कशी, हे प्रेक्षकांच्या डोळ्यांत आधीच ठरून गेलेलं होतं. ते ठरवलं होतं स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी. बाईनं साडी कशी नेसावी हेही घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून ठरवत. आता खऱ्या बाईनं येऊन बाई व्हायचं, तेही एका पुरुषानं घालून दिलेल्या मापात! पहिल्या रांगेतला रसिक मनातल्या मनात दोन सुभद्रा शेजारी उभ्या करून बघणार. इतकी अवघड तालीम कोणत्याही ऑपेरा शाळेत होत नसेल.

गाण्याचाही पेच होता. मैफिलीत यमन तासभर मांडायचा आणि नाटकात पद चार मिनिटांत आटोपून पुढचं वाक्य बोलायचं. त्यातून ‘वन्स मोअर’ आला की कथानक जागच्या जागी थांबणार. सोबत पायपेटी आणि तबला. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गळ्यानंच पोचवायचा. किराण्याचा आवाज तसा जोराचा नाही, टोकदार आणि गोड. बाईंनी तो फेकला नाही, लावला. माझ्या मते त्यांच्या नाट्यपदांचं सगळं वैशिष्ट्य या एका निवडीत आहे.

कंपनी काही वर्षंच चालली. कारण समजायला हिशेबतपासनीस लागत नाही. नट, वादक, आचारी, रंगपट, पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, सगळं रेल्वेनं गावोगाव न्यायचं. खेळ असो वा नसो, पंगत रोज बसणार. आणि नेमक्या त्याच वेळी बोलपट आला. मराठीतला पहिला, ‘अयोध्येचा राजा’, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी लागला. तो कोल्हापुरातच, प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला होता. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. गाणी नटांनी कॅमेऱ्यापुढेच, चित्रण चालू असताना गायची, आणि साथीदारांनी चौकटीबाहेर कुठेतरी लपून वाजवायचं. टेंबे म्हणजे संगीत रंगभूमीचाच माणूस, पेटीवरचा बादशहा आणि संगीतकार. थोडक्यात, नाटक कंपन्यांचा धंदा बसवणारा बोलपट नाटकवाल्यांनीच सूर लावून उभा केला. नाट्यगृहांच्या मालकांनी मग हिशेब केला आणि पडदा टांगला. सिनेमाला पंगत वाढावी लागत नाही.

सगळ्यांचीच वाट तिकडे वळली. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळींनी सांगलीत चित्रसंस्था काढली, ‘कृष्णार्जुन युद्ध’ केला आणि हात पोळून घेतले. खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले, १९३५ साली, पण एका चित्रपटानंतर त्यांचं आणि प्रभातचं बिनसलं. हिराबाईंनी कर्ज फेडायला गावोगाव मैफिली केल्या आणि सिनेमेही घेतले: ‘सुवर्णमंदिर’, ‘प्रतिभा’, ‘जनाबाई’, ‘म्युनिसिपालिटी’.

यातला कोल्हापूरचा सिनेमा म्हणजे ‘प्रतिभा’, १९३७ चा. शालिनी सिनेटोन, रंकाळ्याच्या बाजूचं. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, तेच, ज्यांचं हातखंडा काम एके काळी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं हे होतं. संगीत टेंब्यांचं. आणि नटसंच कसा, तर केशवराव दाते, नानासाहेब फाटक, दुर्गा खोटे आणि हिराबाई. जरा थांबून या चौघांकडे बघायला हवं. दाते तरुणपणी स्त्रीभूमिका करून मुरलेले, मग ‘आंधळ्यांची शाळा’तून नव्या, संयत अभिनयाकडे आलेले. फाटक म्हणजे गद्य रंगभूमीची भारदस्त वाणी, थिएटरचं छप्पर हलवणारी. दुर्गाबाई सिनेमातच वाढलेल्या, कॅमेऱ्याची त्यांना भीड नव्हती. आणि हिराबाई, ज्यांचं सगळं बळ गळ्यात. एका सेटवर चार वेगळ्या शाळा, आणि चौघांच्या डोक्यावर एकच मायक्रोफोन.

मायक्रोफोनला मोठा आवाज नको असतो. त्याला रंगभूमीची फेक सोसत नाही. नाटकातून आलेल्या कित्येक भल्या भल्या नटांची तिथे गोची झाली, ती यामुळे. गायिकांमध्ये मात्र किराण्याच्या बारीक, नेमक्या सुराला या यंत्रानं हात दिला. जो गळा थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत कष्टानं न्यावा लागे, तो माईकपुढे, रेडिओवर आणि तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर आपसूक जवळ आला. हिराबाईंची रेकॉर्ड घराघरांत का पोचली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

अभिनयाचं काय? स्पष्टच बोलायचं तर हिराबाईंना कुणी दुर्गाबाईंच्या पंगतीत बसवणार नाही, आणि बसवूही नये. मैफिलीत कमावलेला निश्चलपणा, जो तिथे त्यांची प्रतिष्ठा होता, तो कॅमेऱ्यापुढे अडचण होतो. सिनेमाला चेहऱ्यावर हालचाल हवी आणि यांचं सगळं घडतं ते आत, स्वराच्या जागी. तिकडे न्यूयॉर्कच्या जेराल्डिन फरार या ऑपेरा गायिकेचा प्रकार उलटा. त्या १९१५ साली ‘कारमेन’ या मूकपटात झळकल्या, म्हणजे आवाज वजा करून उरलेल्या अभिनयावर! तसं हिराबाईंना मूकपटात कुणी बोलावलं नसतं आणि बोलावलं असतं तर त्या गेल्या नसत्या.

हाच १९३७ चा ऑक्टोबर, २७ तारीख. मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइल स्टेशनात अब्दुल करीम खाँसाहेबांनी देह ठेवला. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना आणून दफन केलं. नाटकाची हवा या माणसालाही चुकली नव्हती. त्यांनी मराठी नाट्यपदं रेकॉर्डवर गायली आहेत, आणि ऐकणाऱ्याला आजही कळतं की ती हौसेनं गायलेली आहेत.

सिनेमा हिराबाईंनी फार काळ धरून ठेवला नाही. त्या आपल्या बैठकीकडे परतल्या. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटलं, १५ ऑगस्ट १९४७ ला ‘वंदे मातरम्’ गायला दिल्लीहून बोलावणं आलं, १९७० साली पद्मभूषण मिळालं. प्रभा अत्रे याच घरात शिकल्या, सुरेशबाबू आणि हिराबाई दोघांकडे. आणि त्यांनीही सुरुवातीला संगीत नाटकांतून कामं केली.

मधल्या काळात धंद्याची रीतच पालटत होती. दीनानाथ १९४२ मध्ये गेले आणि त्यांची थोरली मुलगी लता सिनेमावाल्या मास्टर विनायकांकडे पगारावर लागली. ‘पहिली मंगळागौर’च्या वेळी तिच्या भुवया कोरल्या, कपाळावरचे केस कापले, आणि ती रडली, हे लतादीदींनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सबरोबर मंगेशकरांचं बिऱ्हाड कोल्हापुरात आलं. ‘माझे बाळ’ १९४३ चा, ‘गजाभाऊ’ १९४४ चा. तिला रंग लावून उभं राहणं कधी आवडलं नाही, पण घर चालवायचं तर गाणाऱ्या मुलीला चेहराही द्यावा लागे.

तो काळ मात्र सरत आला होता, कारण पार्श्वगायन रुळलं होतं. त्याच १९४३ साली विजय भट्टांच्या ‘रामराज्य’त सीता झाल्या शोभना समर्थ, आणि त्यातलं वीणेचं गाणं गायल्या सरस्वतीबाई राणे. म्हणजे घरातली धाकटी सकीना, जिनं सातव्या वर्षी नाटकात पाऊल टाकलं होतं. सिनेमातलं तिचं सर्वांत गाजलेलं गाणं तिनं गायलं ते तोंडाला रंग न लावता.