पडण्याचा वेग कमी करणारा अभियंता

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने एका सुरक्षित मोटारसायकलीच्या रचनेचं काम हाती घेतलं. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त. ब्रेकचा मुख्य भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून वळवण्याचं काम मागच्या चाकाकडे. विचार पटण्यासारखा होता. अभियंत्यांनी समीकरणं मांडली तेव्हा मात्र ही गाडी सावरणं अवघड आहे, असं उत्तर आलं. तरीही गाडी बांधली गेली. चाचणीचं चित्रीकरण तपासलं, तर नुसत्या दोन चाकांवर ती सलग टिकली ती जास्तीत जास्त अडीच सेकंद. एरवी तिला बाजूच्या आधारांची गरज लागली.

यात चालवणाऱ्याचा दोष नव्हता. साधी सायकल उजवीकडे कलली की आपण हँडल उजवीकडे वळवतो, चाकं कललेल्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. वळण मागच्या चाकाने घ्यायचं असेल, तर उजवीकडे जाण्यासाठी ते चाक आधी डावीकडे सरकतं, म्हणजे वजनाखालून निसटतं. सावरायला जावं तर सुरुवातीला तोल आणखी बिघडतो. हा उलटा परिणाम ओसरायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितक्याच वेळात गाडी आडवी होत असेल, तर कितीही चपळ माणूस बसवा किंवा संगणक बसवा, उपयोग होत नाही. नियंत्रण अभियांत्रिकीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा हाच आहे: काही वेळा नियंत्रक सुधारून भागत नाही, यंत्रच बदलावं लागतं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक रिचर्ड क्लाइन यांनी हा विषय विद्यार्थ्यांच्या हातात दिला. त्यांच्या वर्गात खऱ्या सायकली कापल्या, जोडल्या, बदलल्या जात. मागच्या चाकाने वळणारी सायकल तिथे होती. फिरत्या चाकांचा जायरोस्कोपिक परिणाम उलट फिरणाऱ्या चाकांनी पुसून टाकणारी सायकलही होती, आणि ती बिनदिक्कत चालवता येत होती. चाकं फिरतात म्हणूनच सायकल उभी राहते, हा पाठ्यपुस्तकी समज अशा एका फेरीत गळून पडतो.

पुढे २००५मध्ये क्लाइन यांनी स्वीडनचे कार्ल योहान ऑस्ट्रॉम आणि अँडर्स लेनार्टसन यांच्यासह सायकलीच्या नियंत्रणावर एक विस्तृत लेख लिहिला. ऑस्ट्रॉम हे नियंत्रण अभियांत्रिकीतलं फार मोठं नाव. कागद गिरणीतली यंत्रं नीट चालवण्याच्या प्रश्नापासून त्यांचं संशोधन बहरलं, १९६५मध्ये ते लुंडला प्राध्यापक झाले आणि १९९३मध्ये त्यांना आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं सर्वोच्च पदक मिळालं. तरी मला त्या लेखातला शेवटचा भाग समीकरणांइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो अपंगत्व असलेल्या मुलांना सायकल शिकवण्याबद्दल आहे.

लहान मुलांच्या सायकलीला आपण बाजूला दोन छोटी चाकं लावतो. त्यांनी मूल पडत नाही, पण त्या सायकलीला कलताच येत नाही. डावीकडे जायचं तर हँडल सरळ डावीकडे फिरवायचं, अशी सवय मुलाला लागते. खऱ्या सायकलीवर डावं वळण घेताना हँडल आधी क्षणभर, आपल्याही नकळत, उजवीकडे जातं. त्याने सायकल डावीकडे कलते आणि मग वळण लागतं. विमान बनवणारे विल्बर राइट मूळचे सायकलवाले, त्यांनीही हे बारकाईने हेरलं होतं. म्हणजे आधाराच्या चाकांवर महिनोन्‌महिने सराव करणारं मूल एक वेगळंच वाहन चालवायला शिकत असतं. ज्या दिवशी ती चाकं काढली जातात, त्या दिवशी शिकलेलं सगळं त्याच्या विरोधात जातं. डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेली कित्येक मुलं इथेच अडतात, आणि ‘याला जमणार नाही’ हा शिक्का मोठी माणसं मारून मोकळी होतात.

क्लाइन यांनी दोष मुलाकडे न देता सायकलीकडे पाहिलं. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा, ती सावरत नाही. लांब काठी सावरते, कारण ती सावकाश कलते आणि हाताला वेळ मिळतो. साधारण मीटरभर उंचीवर वजन असलेल्या वस्तूचा कल सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जवळपास तिप्पट होतो. त्यातला मोठा वाटा डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंतच संपतो. ज्या मुलाचा प्रतिसाद थोडा उशिरा येतो, त्याच्याकडे काहीच उरत नाही.

म्हणून चाकाच्या जागी क्लाइन यांनी रुंद रोलर बसवला. रोलर किंचित फुगीर असतो, मधे जाड आणि कडांना निमुळता. सायकल कलली की रोलरचा जमिनीला टेकणारा भागही त्याच बाजूला सरकतो, त्यामुळे पडणं मंदावतं. पण कलणं थांबत नाही, आणि सगळं मर्म त्यात आहे. वळताना सायकल खऱ्या सायकलीसारखीच वागते, फक्त सावकाश. गिअरही असा की पायडल मारत राहिलं तरी वेग फार वाढू नये. मूल सैलावलं, हँडलवरची घट्ट मूठ सुटली की आधीच्यापेक्षा अधिक निमुळता रोलर लावायचा. असं टप्प्याटप्प्याने साध्या चाकापर्यंत यायचं.

यातून अमेरिकेत मुलांची शिबिरं उभी राहिली. ती आज ‘आयकॅन शाइन’ ही संस्था चालवते: सलग पाच दिवस, रोज ७५ मिनिटं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ ते १५ वर्षांच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर याच पद्धतीची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले. पाच दिवसांत निम्म्याहून अधिक, ५६ टक्के मुलं निदान ३० फूट स्वतःच्या बळावर सायकल चालवू लागली. वर्षभराने पाहिलं तर सायकल शिकलेली मुलं न शिकलेल्यांपेक्षा बसून कमी वेळ घालवत होती.

उरलेल्या ४४ टक्के मुलांबाबत माझं मत स्पष्ट आहे. त्यांना पाच दिवस अपुरे पडले असतील किंवा रोलरांच्या मालिकेत आणखी मधल्या पायऱ्या हव्या असतील. त्यांच्यासाठी दिवस वाढवता येतात आणि रोलर नवे कातता येतात.