प्रोग्रॅम आहे, तरी ‘सापडला नाही’ का?

समजा, शाळेत २० संगणक आहेत. त्यांवर प्रोग्रॅम बसवण्याचे काम एका मध्यवर्ती व्यवस्थेकडे सोपवले आहे. मायक्रोसॉफ्टची इंट्यून ही अशीच एक व्यवस्था. प्रोग्रॅम तर मुलांच्या डोळ्यांपुढे चालतो आहे, आणि व्यवस्था म्हणते, ‘सापडला नाही!’ मग ती तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवू पाहते. इंटरनेट आधीच मंद, ते त्यातच खर्ची पडते आणि मुलांचा तास बुडतो. असे का व्हावे?

कारण व्यवस्था प्रोग्रॅम पाहतच नाही. तिला जी खूण सांगून ठेवलेली असते, तेवढीच ती पाहते. सातबाऱ्याचेच घ्या ना! उताऱ्यावर ज्वारी लिहिलेली असते. पण ज्वारी उभी आहे की नाही, हे बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

इंट्यूनमध्ये ही खूण चार प्रकारची असू शकते : ठराविक जागची फाइल किंवा फोल्डर, विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या दप्तरातली नोंद, एमएसआय पद्धतीने बसवलेल्या प्रोग्रॅमचा प्रॉडक्ट कोड, किंवा आपण लिहिलेली तपासणीची स्क्रिप्ट.

आता चुकते कुठे ते पाहू. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रॅमचे फोल्डर निराळे आणि रजिस्ट्रीतला कप्पाही निराळा. एका कप्प्यातली वस्तू दुसऱ्यात शोधली, तर मिळेल कशी? काही प्रोग्रॅम एकाच वापरणाऱ्याच्या खात्यात बसतात. व्यवस्था सिस्टिमच्या खात्यातून पाहत असेल, तर तिला ते दिसत नाहीत. क्रोमसारखा प्रोग्रॅम तर स्वतःच पुढच्या आवृत्तीवर जातो. खुणेत ‘नेमकी हीच आवृत्ती’ असे लिहिले असेल, तर दुसऱ्या दिवशी ती चुकलीच. तिथे ‘ही किंवा हिच्या पुढची’ असे लिहावे. एमएसआयच्या मोठ्या बदलात प्रॉडक्ट कोडही बदलतो. आणि स्क्रिप्टचे म्हणाल, तर ती शून्य हा कोड देऊन संपली पाहिजे, शिवाय तिने काहीतरी छापलेही पाहिजे. मुकी राहिली की उत्तर ‘नाही’.

याच्या उलटही घडते, आणि ते अधिक घातक. प्रोग्रॅम काढून टाकला, पण रिकामे फोल्डर मागे उरले. खूण फोल्डरचीच असेल, तर व्यवस्था ‘आहे’ म्हणून स्वस्थ बसते. जुनी, सदोष आवृत्ती असली तरी फोल्डर तेच. मग सुरक्षेची दुरुस्ती त्या संगणकापर्यंत पोचतच नाही. म्हणून नुसत्या फोल्डरवर विसंबू नये. मुख्य फाइल आणि तिची आवृत्ती, दोन्ही पाहावी.

तेव्हा मंडळी, पुन्हा बसवण्याची घाई नको. आधी एकच संगणक घ्या. खूण सांगितलेल्या जागी आहे का, ते स्वतः पाहा. मग सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरात इंट्यूनची नोंदवही असते, ती वाचा. तपासणीत काय आढळले ते तिथे लिहिलेले असते. खूण दुरुस्त करा, त्याच संगणकावर पडताळा, आणि मगच बाकीच्या १९ संगणकांना लावा.