मापातले पाप आणि धंद्यातली बरकत



सचोटी, प्रामाणिकपणा आणि इमानदारी हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांतला 'इमानदारी' हा शब्द ईमानवरून आला आहे. म्हणजे मराठी माणूस जेव्हा एखाद्या दुकानदाराला इमानदार म्हणतो, तेव्हा नकळत त्याच्या ईमानाचीच ग्वाही देतो. 'हिशेब' या शब्दाचेही तसेच आहे. दुकानाच्या वहीतला हिशेब आणि आखिरतचा हिशेब यांना शब्द एकच आहे. आपण मात्र या दोन हिशेबांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या. आजचा आमचा विषय हाच आहे, आणि तो आम्ही पेठच्या बाजाराच्या आधाराने मांडणार आहोत.

पेठचा बाजार

नाशिकहून धरमपूर-वलसाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीचा घाट ओलांडला की पेठ लागते. एकेकाळी हे छोटेसे संस्थान होते आणि तेथील राजघराणे मुसलमान होते. १८७८ मध्ये बेगमच्या निधनानंतर ते नाशिक जिल्ह्यात आले. आज सबंध पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कोकणा, महादेव कोळी आणि वारली हे येथील प्रमुख रहिवासी. पाऊस भरपूर, पण जमीन डोंगरउताराची. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके आणि उन्हाळ्यात आंबा. पैसा हातात येतो तो सुगीनंतर, आणि तोही थोडक्या दिवसांसाठी.

अशा भागात आठवडे बाजार हा शेतकऱ्याचा बँक, दुकान आणि बाजारपेठ सारे काही असतो. एका हाताने तो नागली विकतो आणि दुसऱ्या हाताने तेल, मीठ, साबण, कापड घेऊन घरी जातो. म्हणजेच त्याच दिवशी, त्याच बाजारात, अनेकदा त्याच व्यापाऱ्यापुढे तो दोनदा तराजूसमोर उभा राहतो. एकदा विकणारा म्हणून, एकदा घेणारा म्हणून.

पवित्र कुरआनच्या 'मुतफ्फिफीन' या सूरहचा आरंभच अशा माणसांच्या निषेधाने होतो, जी घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि देताना कमी देतात. आठवडे बाजाराची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला या ताकिदीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शीग आणि सपाट

जुन्या काळी आदिवासी पट्ट्यात धान्य वजनाने कमी आणि मापाने जास्त जात असे. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही ती मापे. चार शेरांची एक पायली. पण शेर गावागणिक लहानमोठा. त्यात दुसरी मेख होती. मापाच्या काठावर धान्याची शीग चढवायची की हात फिरवून ते सपाट करायचे? घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, एवढ्या एका युक्तीवर लोकांनी वाडे बांधले. मापात पाप हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही.

तराजू आला तेव्हा त्याच्याबरोबर पासंगही आला. 'पासंग' हा शब्द फारसीतला. त्यातल्या 'संग'चा अर्थ दगड. दोन पारडी समतोल नसतील तर हलक्या पारड्याला लहानसा दगड बांधून दांडी सरळ करायची, हे त्याचे मूळ काम. म्हणजे पासंग हे न्यायाचे साधन होते. तोच दगड लबाडाने पारड्याच्या बुडाशी दडवला, तेव्हा तो अन्यायाचे साधन झाला. वस्तू तीच, हात तोच. फरक फक्त नियतीचा.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनमापे आणली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ती सक्तीची झाली. आता शेर-पायली गेली, किलो-लिटर आले. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला. पण पासंग गेला असे कोणी म्हणू नये. काटा शून्यावर न आणता वजन करणे, आकडे दिसू नयेत अशा बाजूला तोंड वळवणे, पोत्याचे वजन नको तितके धरणे, क्विंटलमागे मनमानी कडता कापणे, ही पासंगाचीच आजची रूपे होत.

पन्नास ग्रॅमची किंमत

काही बंधू म्हणतील, किलोमागे पन्नास ग्रॅम इकडे तिकडे झाले तर काय बिघडले? चला, हिशेबच करू. किलोमागे पन्नास ग्रॅम म्हणजे क्विंटलमागे पाच किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला. या भावाने पाच किलोचे २४४ रुपये होतात. ज्याच्या घरी विकण्यापुरती चारच क्विंटल नागली पिकते, त्याचे ९७७ रुपये या पन्नास ग्रॅमने खाल्ले. डोंगरउतारावर रोप लावून, तण काढून, कणसे खुडून, मळून आणलेल्या धान्यातले हे वीस किलो आहेत. व्यापाऱ्याला तो पैसा मोठा वाटत नाही; परंतु त्या घरात तो मुलांच्या वह्यापुस्तकांचा किंवा दवाखान्याचा पैसा असतो.

शिवाय ही चोरी उघड दिसत नाही. खिसा कापला तर माणूस ओरडतो. काट्यात कापले तर तो आभार मानून घरी जातो. म्हणूनच हा गुन्हा अधिक हीन ठरतो. तो माणसाच्या मालाबरोबर त्याचा विश्वासही चोरतो.

विश्वास गेला की बाजारही जातो

याचे फळ काय मिळाले, हे आपल्याच राज्यात घडले आहे. आदिवासी भागातील व्यापारी मापात मारतात, सुगीआधी उधार देऊन उभे पीक पडत्या भावाने लिहून घेतात, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की शासनाला मध्ये पडावे लागले. १९७२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकलाच आहे. पुढे १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला. त्याखाली ठरावीक मालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे त्या भागात तो माल घेण्याचा खासगी व्यापाऱ्याचा हक्कच गेला. अडचणीच्या महिन्यांसाठी खावटी कर्जाची सोयही झाली.

सरकारी खरेदीत सारे आलबेल होते असे आमचे म्हणणे नाही. केंद्र उशिरा उघडले, पैसे वेळेवर मिळाले नाहीत, अशा तक्रारी तेथेही झाल्या. पण व्यापारी बंधूंनी विचार करावा की हा कायदा आणण्याची वेळ कोणी आणली? सारे व्यापारी लबाड नव्हते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला जीपमध्ये घालून नाशिकला नेणारे, दुष्काळात तगादा न लावणारे दुकानदारही होतेच. परंतु काही जणांच्या पासंगाने सगळ्या पेठेची पत गेली, आणि बंदी आली तेव्हा ती इमानदारावरही आली. एकाच्या लबाडीचा दंड शेजारचा दुकानदार भरतो, हे त्या इतिहासाचे सार आहे.

कारागिराची सचोटी

वजनकाटा फक्त दुकानात असतो असे समजू नये. कारागिराच्या हातातही तो असतोच. तो दिसत नाही इतकेच. गिऱ्हाइकाला जे कळत नाही, ते कारागिराला कळते. कल्हईवाल्याने कथलात शिसे मिसळले तर भांडे तसेच चकाकते, पण ते विष पोटात जाते. पिंजाऱ्याने नव्या गादीत जुना कापूस भरला तर खोळ शिवल्यावर कोण पाहणार? गॅरेजवाल्याने जुनाच भाग पुसून बसवला आणि नव्याचे पैसे घेतले तर मालकाला काय समजणार? सोन्याच्या बाबतीत तर गिऱ्हाईक पूर्ण आंधळे असते. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण सक्तीची झाली. जिथे माणसाचा शब्द पुरेनासा झाला, तिथे शिक्का आला.

तेव्हा सचोटीची व्याख्या आम्ही अशी करू: गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, तिथेही त्याचा हक्क सांभाळणे म्हणजे सचोटी. दिसते तिथे तर भीतीनेही माणूस नीट वागतो.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले. राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. पेठसारख्या धो धो पावसाच्या मुलखात हा प्रसंग आजही जसाच्या तसा घडू शकतो. भात भिजणे हा गुन्हा नाही. ओले खाली आणि कोरडे वर ठेवणे हा गुन्हा आहे. आंब्याच्या पेटीत वरच्या थरात मोठे फळ आणि खाली डागी माल भरणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एका कापडातला दोष न सांगता माल विकला. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली. नफा तेवढा काढून दिला नाही, सारी रक्कम दिली. ज्यांच्या फिक्हवर कोट्यवधी लोक चालतात, त्यांच्या दुकानाचा हा व्यवहार होता.

'असे केले तर धंदा कसा चालेल?'

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्याला खोटे उत्तर देण्याची आमची इच्छा नाही. शेजारचा मापात मारून दोन रुपये स्वस्त विकत असेल तर काही गिऱ्हाइके त्याच्याकडे जातील. खरे वजन देणाऱ्याचा नफा त्या महिन्यात कमी दिसेल. सचोटीने उद्याच गल्ला भरतो असे सांगणे हीच एक लबाडी ठरेल. परंतु आठवडे बाजार दर आठवड्याला भरतो. तीच माणसे पुन्हा येतात. आज पाड्यापाड्यावर फोन पोहोचला आहे. नाशिकचा भाव तरुण पोराला बाजाराला निघण्यापूर्वी कळू शकतो. घरी जाऊन एकदा वजन पडताळले की बातमी सगळ्या पाड्यावर होते.

हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना माप पुरे करण्यास सांगितले, तेव्हा ते लोक उपहासाने म्हणाले की आमच्या मालमत्तेचे आम्ही काय करावे, हे तुमची नमाज ठरवणार काय? नमाज मशिदीत आणि धंदा बाजारात, अशी वाटणी त्यांना हवी होती. तीच वाटणी आपणही मनोमन केलेली नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या गल्ल्यासमोर बसून पाहावे.

आजपासून करण्याजोगे

काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवा आणि वजनापूर्वी शून्य दाखवा. वैधमापन विभागाकडून काट्याची पडताळणी मुदतीत करून घ्या व प्रमाणपत्र दिसेल असे लावा. भाव पाटीवर लिहा. निरक्षराला तोच आणि गुरुजींनाही तोच भाव द्या. कडता कापायचा असेल तर धान्य उतरवण्यापूर्वी कारण सांगा. मालातला दोष तोंडाने सांगा. कारागिराने काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि जमणार नाही तो वायदा करू नये.

सर्वांत महत्त्वाचे, उधारी लिहून ठेवा. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक वही आपल्याकडे आणि एक गिऱ्हाइकाकडे असावी, दोन्हींत एकच आकडा असावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या मुलाकडून वाचून घ्यावे. आज पेठच्या पाड्यावरची मुले शाळेत जातात. बापाच्या वहीतला आकडा ती वाचतील, तेव्हा तो खरा निघाला पाहिजे. आपल्या दुकानाची पत पुढची पिढी त्या वहीवरूनच ठरवणार आहे.