थाई भाषेतील प्रश्नरचना : मराठी भाषकांच्या दृष्टीने

प्रस्तावना

थाई ही सुरप्रधान भाषा आहे. मध्यम, निम्न, उतरता, उच्च व चढता असे तिचे पाच सूर असून सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. मराठीत 'तुम्ही जाता?' असे केवळ आवाज चढवून विचारता येते. थाईत सूर हा शब्दाचाच घटक असल्यामुळे हा मार्ग नवशिक्यास अडचणीत आणतो. प्रश्नाची खूण आवाजात नव्हे, तर शब्दात असते, हे सूत्र प्रस्तुत लेखात सोदाहरण स्पष्ट केले आहे.

होय-नाही प्रकारचे प्रश्न

विधानाच्या शेवटी 'मै' हा चढत्या सुराचा शब्द जोडला की प्रश्न तयार होतो. 'खुन पै मै?' म्हणजे 'तुम्ही जाता का?' मराठीतील वाक्यान्ती 'का'शी त्याचे साम्य उघड आहे. मात्र येथे 'हो' असे उत्तर देत नाहीत; क्रियापदाचीच पुनरुक्ती करतात. होकार 'पै', नकार 'मै पै'. नकारार्थी 'मै' उतरत्या सुराचा असून तो क्रियापदाआधी येतो. म्हणजेच स्थान आणि सूर या दोहोंनी अर्थभेद होतो.

खात्री करून घेण्यासाठी 'छै मै' वापरतात. त्याचे उत्तर 'छै' किंवा 'मै छै'. क्रिया झाली की नाही हे 'रू यंग'ने विचारतात. 'किन खाओ रू यंग?' हा प्रश्न आपल्या 'जेवलात का?' प्रमाणे आपुलकीची विचारपूस म्हणूनही रूढ आहे. त्याचे उत्तर 'किन लॅओ' (जेवलो) किंवा 'यंग' (अजून नाही).

प्रश्नवाचक शब्द

'अरै' (काय), 'ख्रै' (कोण), 'थी नै' (कुठे) हे शब्द सामान्यतः उत्तर ज्या जागी येईल त्याच जागी येतात. थाईत कर्म क्रियापदानंतर येते. म्हणून 'खुन किन अरै?' याचा शब्दक्रम 'तुम्ही–खाणे–काय' असा होतो. 'ख्रै मा?' (कोण आले?) यात मात्र 'ख्रै' कर्त्याच्या जागी, आरंभीच राहतो. अशा प्रश्नांना 'मै' जोडण्याची गरज नसते.

सौजन्यासाठी पुरुष वाक्यान्ती 'ख्रप' व स्त्रिया 'खा' म्हणतात. हा 'खा' विधानात उतरता, तर प्रश्नात उच्च सुराचा असतो.

समारोप

मराठी भाषकास वाक्यान्ती प्रश्नखूण परिचित आहे. नवी आहे ती सुराची शिस्त. म्हणून अध्यापकाने प्रश्न व त्याचे उत्तर यांची जोडी आरंभापासून एकत्रच म्हणवून घ्यावी. 'पै मै?' आणि 'मै पै' यांतील भेद कानाला कळला, की पुढील वाटचाल सुकर होते.