जग मांडणारी मुलं

1929 साली लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या मुलांच्या एका दवाखान्यात जस्ताच्या पत्र्याचे दोन ट्रे टेबलावर मांडले गेले. एकात वाळू, दुसऱ्यात पाणी. शेजारी छोट्या छोट्या खेळण्यांचं कप्प्यांचं कपाट. घाबरट, हट्टी, कुणाला आवरत नाहीत अशी मुलं या दवाखान्यात येत. डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी तो आदल्याच वर्षी सुरू केला होता. मुलांनी हवं तसं खेळावं, यापलीकडे या ट्रेंकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती. पण तीन महिने उलटायच्या आत त्या खोलीत एक नवी उपचारपद्धती जन्माला आली, आणि ती मुलांनी घडवली होती.

यामागचा प्रश्न मात्र जुना होता. लोवेनफेल्ड यांचा जन्म 1890 चा, लंडनचा. वडील मूळचे पोलंडचे. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा त्या डॉक्टर झाल्या, आणि लवकरच पोलंडमध्ये मदतकार्याला गेल्या. तिथे सोव्हिएत रशियाशी लढाई पेटली होती, टायफसची साथ होती, युद्धकैदी होते, वाताहत झालेले विद्यार्थी होते. त्या माणसांनी जे सोसलं होतं ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. परतल्यावर आजारी आणि दुःखी मुलांवर उपचार करताना लोवेनफेल्ड यांना धक्का बसला. त्या मुलांच्या चेहऱ्यांवर, बसण्याच्या ढबीत त्यांना तेच दिसत होतं, जे कैद्यांमध्ये पाहिलं होतं. आणि तसल्याच हालांतून गेलेले काही जण पुन्हा उमेदीने उभे राहिले होते, हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कशाने तारलं?

त्या काळी मनाचे उपचार म्हणजे बोलणं. रुग्णाने बोलायचं, डॉक्टरने ऐकायचं आणि अर्थ लावायचा. पण सहा वर्षांचं पोर काय बोलणार? आपल्या आत काय चाललंय ते त्याला एकाच वेळी दिसतं, ऐकू येतं, अंगाला जाणवतं. वाक्यात एकामागून एक शब्द येतात. ते सगळं एकदम त्यात मावत नाही.

इथे लोवेनफेल्ड यांना आठवलं एक पुस्तक. एच. जी. वेल्स यांनी 1911 मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं होतं. आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर फळ्या, ठोकळे आणि शिशाची माणसं घेऊन ते बेटं आणि शहरं कशी वसवत, त्याचं वर्णन त्यात आहे. पुस्तक वाचलं तेव्हा त्या तरुण होत्या. आता त्यांनी एका पेटीत रंगीत काड्या, मणी, कागदाचे आकार, काड्यापेट्या, लहान खेळणी असं काय काय गोळा केलं. मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘वंडर बॉक्स’.

मग दवाखान्याची जागा बदलली आणि ट्रे आले. पेटीतली खेळणी आणि ट्रेमधली वाळू एकत्र आणा, असं मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच कपाटातून माणसं, जनावरं, झाडं, कुंपणं, मोटारी उचलल्या आणि वाळूत नेऊन मांडल्या. दिवाळीत अंगणात माती लिंपून, मावळे उभे करून किल्ला करणाऱ्या आपल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे शिवनेरी किंवा रायगड असा नमुना समोर नव्हता. ज्याच्या त्याच्या मनात जे होतं ते वाळूत उतरत होतं. त्या मांडणीला मुलं म्हणू लागली ‘जग’. लोवेनफेल्ड यांनी तोच शब्द उचलला, आणि पद्धतीचं नाव पडलं ‘वर्ल्ड टेक्निक’.

त्यांचं मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. मुलाने जग मांडलं की त्या शेजारी बसत, हे काय, ते काय, असं त्यालाच विचारत आणि मांडणीचं चित्र काढून ठेवत. अर्थ सांगायची घाई नाही. सुरुवातीला त्या मुलाला समजावत, की मोठी माणसं नदीच्या एका काठावर राहतात, मुलं दुसऱ्या. आपण दोघं मिळून पूल बांधू. माझ्या मते हे शब्द डॉक्टर आणि मूल यांना एका पातळीवर आणतात. पूल बांधायचा तर दोन्ही काठांवरून हात लागतात.

हे सगळ्यांना पटणारं नव्हतं. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन 1926 पासून लंडनमध्ये होत्या. त्याही मुलांना छोटी खेळणी देत. पण खेळात दडलेल्या इच्छा आणि भीती ओळखून त्या मुलाला सांगाव्यात, यावर त्यांचा भर होता. मूल उपचारकात आपले आईबाप पाहू लागतं, आणि उपचार त्या नात्यातूनच पुढे सरकतो, असं त्या मानत. लोवेनफेल्ड यांचं म्हणणं उलट. मुलाचं नातं त्या ट्रेशी जडू द्यावं. मोठ्यांचे सिद्धान्त मुलाच्या वाळूत आधीच पेरले, तर उगवतील तेही मोठ्यांचेच. 1938 मध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी आपली पद्धत मांडली, तेव्हा क्लाइन यांच्या बाजूने कडक टीका झाली. लोवेनफेल्ड मागे हटल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा पंथ काढला नाही, त्यामुळे नावही मागे पडलं. मला त्याची खंत वाटते, कारण खेळोपचाराचा इतिहास सांगताना आजही त्यांना एखादं वाक्य मिळतं, फार तर दोन.

पद्धत मात्र फिरत राहिली. 1956 मध्ये स्वित्झर्लंडहून डोरा काल्फ लंडनला येऊन त्यांच्याकडे शिकल्या. परत गेल्यावर त्यांनी तिला मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांची जोड दिली आणि ‘सँडप्ले’ असं वेगळं नाव दिलं. ट्रेचा तळ निळा असतो, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं. लोवेनफेल्ड 1973 मध्ये वारल्या. ‘द वर्ल्ड टेक्निक’ हे त्यांचं पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी छापून आलं, आणि पद्धत मुलांनी निर्माण केली, हे श्रेय त्यातही त्यांनी मुलांनाच दिलं आहे.