तारेतून नव्हे, तारेभोवती

गच्चीवरच्या छत्रीपासून घरातल्या सेट टॉप बॉक्सपर्यंत आलेली केबल आडवी कापून पाहा. मधोमध जेमतेम एक मिलिमीटर जाडीची कडक तार दिसेल. तिच्याभोवती पांढऱ्या, फेसाळ प्लॅस्टिकचा साडेचार मिलिमीटर व्यासाचा गोल, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, फॉइलवर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यात बाहेर पीव्हीसीचं कव्हर. बाजारात हिला आरजी-६ म्हणतात. सिग्नल मधल्या तारेतून धावतो आणि पांढरं प्लॅस्टिक हे नुसतं वेष्टन, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सिग्नलची ऊर्जा विद्युत-चुंबकीय लहरीच्या रूपात त्या प्लॅस्टिकमधूनच वाहते. मधली तार आणि भोवतालची जाळी तिला फक्त वाट आखून देतात.

एवढं ध्यानात घेतलं की को-ॲक्सिअल केबलबाबतच्या बहुतेक सूचनांचा अर्थ लागतो. केबलवर ७५ ओहम का लिहितात, ती काटकोनात वाकवू नका असं का सांगतात आणि शंभर फूट उत्तम केबल टाकूनही दहा-वीस रुपयांचा कनेक्टर सगळं काम का बिघडवतो, या साऱ्याचं मूळ त्या पांढऱ्या थरात आहे.

एका तारवाल्याचं पेटंट

एका वाहकाभोवती दुसरा वाहक नळीसारखा बसवायचा, ही कल्पना इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडनं १८८० साली पेटंट करून ठेवली. हेविसाइडनं विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कानानं अधू असलेल्या या माणसानं तार कंपनीतली नोकरी चोविसाव्या वर्षी सोडली आणि घरी बसून गणित केलं. विद्युत-चुंबकत्वाची मॅक्सवेलची समीकरणं आज ज्या आटोपशीर रूपात शिकवतात, ते रूप मुख्यतः त्यानंच दिलं. शेजारी शेजारी टाकलेल्या तारांमध्ये एकीचा संदेश दुसरीत झिरपतो, ही त्या काळची डोकेदुखी होती. परतीचा वाहक मधल्या तारेभोवती गुंडाळला, तर दोघांमधलं क्षेत्र आतच कोंडलं जातं. आतलं बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही.

या कल्पनेला खरं काम मिळायला पन्नास वर्षं जावी लागली. अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये, एकाच केबलवरून शेकडो टेलिफोन संभाषणं किंवा टीव्हीचं चित्र नेता येईल अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची चित्रं लाइपझिगपर्यंत गेली ती को-ॲक्सिअल केबलवरून. १९५६ मध्ये स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल पडली, तीही को-ॲक्सिअलच होती. सुरुवातीला तिच्यावर एका वेळी फक्त ३६ संभाषणं होत आणि तेवढ्यासाठी प्रत्येक दिशेच्या केबलमध्ये ५१ ॲम्प्लिफायर समुद्रात बुडवावे लागले होते.

क्षेत्र कोंडण्याचं महत्त्व आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांनी अनुभवलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळात अँटेनापासून खाली येई ती दोन समांतर तारांची चपटी पट्टी. तिच्यातल्या लहरीचा बराच भाग पट्टीच्या बाहेर, हवेत पसरलेला असे. म्हणून ती लोखंडी पाइपला चिकटली किंवा पावसानं भिजली की चित्रात मुंग्या येत. गोल केबल भिंतीला खेटून, पाइपला बांधून, अगदी विजेच्या वायरजवळूनही नेता येते, कारण तिची लहर जाळीच्या आत बंदिस्त असते.

कातडीपुरतं तांबं

तारेचंही काम आहेच, पण वारंवारता वाढते तसतसा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. त्या प्रवाहाची तांब्यातली खोली सुमारे ९ मिलिमीटर असते, म्हणजे साधी वायर तो पूर्ण व्यापतो. १ गिगाहर्ट्‌झला हीच खोली सुमारे २ मायक्रॉन उरते, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. मग एक मिलिमीटरची अख्खी तार तांब्याची कशाला हवी? म्हणून डिशच्या बहुतेक केबलींमध्ये मधली तार पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. यात फसवणूक नाही. पोलाद ताण सोसतं, स्वस्त पडतं आणि लहरीला तर फक्त वरचं तांबंच लागतं.

तीच केबल सोसायटीच्या जुन्या पद्धतीच्या, ॲनालॉग सीसीटीव्ही कॅमेऱ्याला जोडली की मात्र गणित बदलतं. असा कॅमेरा चित्र कोणत्याही वाहक लहरीवर न चढवता तसंच पाठवतो. त्यात काही मेगाहर्ट्‌झपर्यंतचे बारकावे असतात, तसे अगदी ५० हर्ट्‌झच्या आसपासचे घटकही असतात. कमी वारंवारतेचा प्रवाह मुलामा ओलांडून पोलादात शिरतो आणि अशा तारेचा रोध निखळ तांब्याच्या साधारण पाचपट असतो. मग लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र फिकं पडतं, त्यात आडवे पट्टे येतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. इथे आरजी-५९ किंवा आरजी-६ काहीही घ्या, मधली तार निखळ तांब्याची हवी. ओळखायची सोपी रीत म्हणजे तारेला लोहचुंबक लावणे. चिकटला तर आत पोलाद आहे. नाही चिकटला, तरी चाकूनं थोडं खरवडून पाहावं. आतून चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियम.

७५ ओहम कुठे असतात?

केबलवर ७५ ओहम छापलेलं असतं, पण मल्टिमीटर लावला तर हे ७५ ओहम कुठेच सापडत नाहीत. केबल दहा मीटर असो वा शंभर, आकडा तोच. कारण तो तारेचा रोध नाही. पुढे जाणाऱ्या लहरीतला व्होल्टेज आणि प्रवाह यांचं ते गुणोत्तर आहे. अभियंते त्याला अभिलक्षणी प्रतिबाधा म्हणतात. ते ठरतं फक्त दोन गोष्टींवर: जाळीचा व्यास मधल्या तारेच्या किती पट आहे आणि मधे कोणता पदार्थ भरला आहे.

जाड दोरीला बारीक दोरी बांधून एका टोकानं झटका दिला, तर लाट गाठीपाशी पोहोचते आणि तिचा काही भाग मागे फिरतो. केबलमध्येही जिथे हे गुणोत्तर बदलतं, तिथे लहर अंशतः परतते. ७५ ओहमच्या केबलला ५० ओहमची केबल जोडली तर ४ टक्के शक्ती मागे येते. आकडा किरकोळ वाटतो, पण परतलेली लहर दुसऱ्या टोकावरून पुन्हा उलटते आणि मूळ सिग्नलच्या मागोमाग उशिरा पोहोचते. जुन्या टीव्हीवर माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसे, ती अशाच मागाहून पोहोचलेल्या लहरीची. डिजिटल टीव्हीत सावली दिसत नाही. तिथे चुका साचत जातात आणि सुधारण्यापलीकडे गेल्या की चित्राचे चौकोन होतात.

५० आणि ७५ हे आकडे गणितातूनच आले. आत हवा असलेल्या केबलमध्ये सर्वात जास्त शक्ती वाहून नेता येते ती ३० ओहमच्या आसपास, तर सर्वात कमी घट होते ७७ ओहमला. ज्यांना सिग्नल पाठवायचाही असतो, त्यांनी दोहोंच्या मधला ५० हा आकडा धरला. पोलिसांचे वायरलेस, हॅम रेडिओ, मोबाइलचे टॉवर हे सगळे ५० ओहमवाले. टीव्हीला फक्त घ्यायचं असतं, तेव्हा कमीत कमी घट महत्त्वाची, म्हणून ७५. साध्या द्विध्रुव अँटेनाची स्वतःची प्रतिबाधाही सुमारे ७३ ओहम भरते, हा आणखी एक फायदा.

केबल का चेपू नये, हेही इथेच कळतं. भिंतीवर क्लिप ठोकताना हातोडा जोरात बसला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात केबल काटकोनात दुमडली, की तिथला फेस दबतो, जाळी तारेच्या जवळ येते आणि गुणोत्तर बदलतं. बाहेरून कव्हर शाबूत दिसतं, पण आत लहरीच्या वाटेत अडथळा तयार झालेला असतो. आरजी-६ ला वळण द्यायचं तर ते साधारण ७ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान असू नये.

शेवटचा एक सेंटिमीटर

केबल कारखान्यात यंत्रावर बनते. टोक मात्र शिडीवर उभ्या माणसाच्या हातून सोललं जातं. म्हणून बिघाड बहुतेक वेळा टोकालाच असतो.

डिश आणि केबल टीव्हीवर दिसणारा आट्यांचा कनेक्टर म्हणजे ‘एफ’. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केबल टीव्हीसाठी एरिक विन्स्टन यांनी तो तयार केला. त्यातली खुबी अशी की त्याला वेगळी पिनच नाही. केबलची मधली तार हीच पिन. त्यामुळे तो अत्यंत स्वस्त झाला, पण तार किती बाहेर ठेवायची, ती सोलताना ओरखडा पडू न देणं, जाळी नीट मागे दुमडणं हे सारं जोडणाऱ्यावर आलं. जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकला तरी छत्रीकडे जाणारा वीजपुरवठा शॉर्ट होऊन ‘नो सिग्नल’ येतो. नुसते पिळून बसवायचे कनेक्टर कालांतराने सैल पडतात. मग त्या फटीतून मोबाइलच्या लहरी आत शिरतात. विशेष पकडीनं दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर थोडे महाग, पण टिकतात.

सीसीटीव्ही, स्टुडिओ आणि प्रयोगशाळांमध्ये दिसतो तो बीएनसी. ढकलून पाव फेरा फिरवला की तो अडकतो. त्याच्या नावातला बी हा बायोनेट म्हणजे संगिनीच्या अडकवणीचा. एन आणि सी ही पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन या अभियंत्यांची आडनावं. नील यांचाच आट्यांचा एन कनेक्टर आजही रेडिओच्या उंच वारंवारतांसाठी वापरतात. इथे एक धोका आहे. ५० ओहमच्या एन कनेक्टरची पिन ७५ ओहमच्या पिनेपेक्षा जाड असते. ती जोर लावून घुसवली तर ७५ चं सॉकेट कायमचं फाकतं.

यात पावसाची भर पडते. पाणी कनेक्टरमधून शिरलं की जाळीच्या तंतूंमधून दूरवर झिरपतं. तांबं हिरवं पडतं, हे दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की फेसाचा परावैद्युतांक दीडच्या आसपास, तर पाण्याचा सुमारे ८०. भिजलेल्या तुकड्यात लहरीचं माध्यमच बदलतं. कोकणात आणि मुंबईत खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. म्हणून उघड्यावरच्या जोडावर रबरी, स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं.

आधी वाढवा, मग पाठवा

केबल कितीही चांगली असली तरी घट चुकत नाही. आरजी-६ च्या १०० मीटरमध्ये १ गिगाहर्ट्‌झला सुमारे २० डेसिबेल घट होते, म्हणजे शंभरातला एक भाग पोहोचतो. डिशवर उपग्रहाकडून येणारा सिग्नल तर १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा असतो. तो या केबलमधून तसाच उतरवला तर खाली जवळजवळ काहीच उरणार नाही. म्हणून छत्रीच्या तोंडाशी एलएनबी बसवतात. तो सिग्नल आधी वाढवतो आणि मग ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात उतरवतो. त्याला लागणारी वीज सेट टॉप बॉक्स त्याच केबलवरून वर पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या ध्रुवणाची चॅनेल, १८ व्होल्ट पाठवले तर आडव्याची. चित्र खाली, वीज आणि हुकूम वर, आणि हे सगळं एकाच केबलवर.

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही तत्त्व हेच आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशपैकी प्रत्येकीच्या नाभीशीच कमी गोंगाटाचे ॲम्प्लिफायर बसवले आहेत. ॲम्प्लिफायरच्या आधी सामान्य तापमानाची केबल आली आणि तिच्यात फक्त १ डेसिबेल घट झाली, तरी ग्राहक यंत्राच्या गोंगाटात (तो तापमानाच्या एककात मोजतात) सुमारे ७५ केल्विनची भर पडते. दूरच्या आकाशगंगेचा क्षीण सिग्नल त्यात हरवायला तेवढं पुरतं. डिशपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंतचे किलोमीटर मात्र ऑप्टिकल फायबरवरून पार होतात.

लांबच्या पल्ल्यात को-ॲक्सिअलची सद्दी संपली आहे. मोबाइल टॉवरवरही रेडिओचं यंत्र आता वर अँटेनाजवळ नेतात आणि तिथपर्यंत फायबर चढवतात. पण अँटेना आणि यंत्र यांच्यामधले शेवटचे काही मीटर अजून तिचेच आहेत. बोगद्यांत आणि खाणींत तर तिची जाळी मुद्दाम ठरावीक अंतरावर उघडी ठेवतात, म्हणजे लहर थोडी थोडी बाहेर पडून केबल स्वतःच लांबलचक अँटेना होते.

घरी किंवा सोसायटीत नवं काम काढाल, तेव्हा डिशसाठी ७५ ओहमची दाट जाळीची आरजी-६ मागा आणि कॅमेऱ्यासाठी निखळ तांब्याची तार मागा. कनेक्टर पिळून नव्हे, दाबून बसवून घ्या. स्प्लिटरचं वापरात नसलेलं तोंड उघडं न ठेवता त्यावर ७५ ओहमची टोपी लावून घ्या. आणि चित्र फुटू लागलं तर सेट टॉप बॉक्स किंवा टीव्ही बदलण्याआधी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे बसवून पाहा. सर्वात कमी खर्चाची आणि बहुतेक वेळा लागू पडणारी दुरुस्ती तीच आहे.