गाडी खाली नको, धड हवी

ह्यांनी जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, तेव्हा बेत एकच: कडक स्प्रिंग बसवून गाडी खाली आणायची. दोह्यातले स्पीडब्रेकर आठवून माझी कंबर आधीच दुखू लागली! सनैयातल्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवली आणि दुखणे भलतीकडेच निघाले. वयाने आणि इथल्या उन्हाने रबरी बुश तडकलेले, शॉकअपमधून तेल गळत होते. असे शॉकअप चाक रस्त्याला टेकवून धरत नाहीत. ब्रेक मारला तरी गाडी पुढे जाऊन थांबते. म्हणून बुश आणि चारही शॉकअप बदलले. बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच घट्ट आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते. शेवटी व्हील अलाइनमेंट. स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या. आता वळणावर मी दाराची मूठ धरत नाही.